विमा आहे, पण पासिंग नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या मालेगावच्या कापड बाजारात नव्या गाड्यांची रांग लागली. साडीवाले, यंत्रमागवाले, साइझिंगवाले, दलाल, एवढेच काय, आठवडे बाजाराला माल घेऊन जाणारे फेरीवालेसुद्धा नवी गाडी घेऊन आले. चांगली गोष्ट आहे. मोटारसायकल ही आमच्या धंद्यात शौकाची चीज राहिलेली नाही. सकाळी नमुने घेऊन चांदवड, दुपारी उधारी वसूल करायला मनमाड आणि संध्याकाळी मागे दोन गठाणी बांधून सटाणा रोडला. हे काम एसटीच्या भरवशावर होत नाही. परंतु यातल्या कितीतरी गाड्यांवर नंबरप्लेटच्या जागी शोरूमचे स्टिकर तेवढे असते. विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, "पाच वर्षांचा विमा उतरवलेला आहे, नंबर येईल सावकाश."

हे "सावकाश" व्यापाऱ्याला किती महाग पडू शकते, तेवढेच आम्हाला येथे सांगायचे आहे.

विमा आणि पासिंग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ३९ नोंदणीचे आहे आणि कलम १४६ विम्याचे. एक पाळले म्हणून दुसरे माफ होत नाही. घोटाळा होतो तो क्रमामुळे. आर.टी.ओ. कडे नोंदणीचा अर्ज करायचा तर विम्याचा कागद आधी जोडावा लागतो, म्हणून विमा कंपनी फक्त इंजिन नंबर आणि चेसिस नंबरवर पॉलिसी देते, गाडीच्या नंबराच्या जागी "नवीन" असे लिहिते. म्हणजे देशातली प्रत्येक मोटारसायकल काही दिवस तरी विमा असलेली आणि पासिंग नसलेली असतेच. कायद्यानेच ही पायरी ठेवली आहे. पायरीवर पाय ठेवून पुढे जायचे असते. आमची माणसे तेथेच बैठक मारतात.

नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडल्यास दहा हजारांपर्यंत आणि कैदही होऊ शकते. कलम २०७ प्रमाणे पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात. ऐन सणाच्या सीझनमध्ये गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणि गठाणी रस्त्यावर, अशी फजिती आम्ही बाजारात पाहिलेली आहे. पण दंड ही लहान गोष्ट आहे. दंड भरून माणूस मोकळा होतो. खरे नुकसान विम्यातच होते, ज्याच्या भरवशावर तो निर्धास्त असतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावेत. पहिला सप्टेंबर २०१४ चा. एका गृहस्थाच्या पिकअप गाडीची तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ रोजी संपली आणि २ फेब्रुवारीला गाडीचा अपघात झाला. मध्ये फक्त बावीस दिवस गेलेले. हप्ता भरलेला होता, पॉलिसी चालू होती. न्यायालय म्हणाले की नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हाच पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, म्हणून गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळणार नाही. दुसरा निकाल ३० सप्टेंबर २०२१ चा. श्रीगंगानगरच्या एका माणसाने पंजाबात नवी मोटार घेतली. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली. २८ जुलैच्या रात्री तो कामानिमित्त जोधपूरला मुक्कामाला असताना गाडी चोरीला गेली. मध्ये नऊ दिवस. गाडी तर उभी होती, चालत नव्हती, आणि चोरीचा नंबरप्लेटशी संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. न्यायालयाचे उत्तर असे की गाडी जोधपूरपर्यंत रस्त्यानेच आली होती, म्हणजे मुदत संपल्यावर ती चालवली गेलीच होती. दावा गेला. विमा कंपनीला काही द्यावे लागले नाही.

या गाड्या चार चाकांच्या होत्या म्हणून मोटारसायकलवाल्याने समाधान मानू नये. कायद्याचे कलम तेच आहे. उलट मोटारसायकल सहज चोरीला जाते.

धडक बसून दुसरा माणूस जखमी झाला किंवा दगावला तर काय, हा सवाल आणखी गंभीर आहे. तेथे न्यायाधिकरण जखमीचा हक्क पाहते. पुष्कळदा विमा कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी असा हुकूम होतो. जखमीला पैसे मिळतात हे रास्त आहे. परंतु ती वसुली दुकानावर येते. आमच्या धंद्यात गाडी बहुधा मालक चालवत नाही, मुनीम चालवतो किंवा माल पोचवणारा पोरगा चालवतो. गाडी कोणाच्या नावावर आहे तेच पाहिले जाते. वीस वर्षे जमवलेले भांडवल एका मुनिमाच्या फेरीत जाऊ शकते.

"पाच वर्षांचा विमा" या शब्दांचाही उलगडा केला पाहिजे, कारण शोरूममध्ये तो कोणी करत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान, चोरी, आग यांचा भाग वेगळा असतो आणि तो बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष सरले की गाडी चोरीला गेल्यावर पाच वर्षांचा कागद हातात धरून बसावे लागते. त्यातच मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो मिळण्यासाठी गाडी चालवणारा हाच नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसीत त्याचेच नाव हवे आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवे. विमा जायज की नाजायज या चर्चेत आम्ही पडत नाही, ते उलेमांचे काम आहे. थर्ड पार्टीची सक्ती सरकारची आहे आणि पैसे तर आपल्या खिशातून गेलेलेच आहेत. मग ज्या कागदाचे पैसे दिले तो कामाचा आहे की नाही एवढे तरी पाहावे.

आता पासिंग अडते कोठे, ते पाहू. सगळा दोष आर.टी.ओ. चा, असे म्हणणे सोपे आहे आणि बाजारात सगळे तेच म्हणतात. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. आमच्या भागात सर्वांत जास्त अर्ज नावापायी अडतात.

उर्दूत "मोहम्मद" लिहायची एकच रीत आहे. तेच नाव देवनागरीत मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद, मो. असे चार तऱ्हांनी लिहिले जाते, आणि इंग्रजीत तर किती स्पेलिंग होतात याचा हिशोबच नाही. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक लिहिले, रेशन कार्डावर तलाठ्याने दुसरे, पॅनवर एजंटने तिसरे आणि आधार काढणाऱ्या मुलाने कानावर पडले तसे चौथे. "शेख"चे तेच, "सय्यद"चे तेच. त्यात आमच्या खानदेश-मालेगावकडे "शेख सलीम शेख करीम" अशी नावे चालतात, म्हणजे मुलाच्या नावाआधी शेख आणि बापाच्या नावाआधीही शेख. काँप्युटरच्या अर्जात तीन चौकटी: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. यात चार शब्द कसे बसवायचे? एक क्लार्क पहिल्या चौकटीत "शेख" टाकतो, दुसरा शेवटच्या. विम्यावर एक क्रम, बँकेच्या कर्जावर दुसरा, आधारवर तिसरा. अन्सारी आणि मोमीन आडनावाच्या घरांत तर एक भाऊ अन्सारी, दुसरा मोमीन आणि तिसरा काहीच लावत नाही, असेही आहे.

पूर्वी खिडकीवरचा क्लार्क माणसाचे तोंड पाहून आणि दोन प्रश्न विचारून समजून घेत असे. आता वाहनांचा सगळा कारभार "वाहन" नावाच्या काँप्युटर व्यवस्थेवर आहे, आणि २०२२ पासून केंद्राने नोंदणी-लायसन्सची ५८ कामे आधारच्या ओळखीवर घरबसल्या करण्याची सोय दिली. सोय उत्तम आहे, आम्ही तिच्या विरुद्ध नाही. एजंटची गरज कमी झाली हे तर फारच चांगले. पण मशीनला शेख आणि शेख यांच्यातला एका अक्षराचा फरक म्हणजे दोन माणसे. जुळले नाही की अर्ज परत. शोरूमवाला म्हणतो नाव दुरुस्त करून आणा, आधार केंद्रवाला म्हणतो पुरावा आणा, पुरावा म्हणून शाळेचा दाखला न्यावा तर त्याच्यावरचे नावच मुळात वेगळे. महिना जातो. तात्पुरत्या नोंदणीची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही, आणि वर सांगितलेल्या निकालांत बावीस दिवस व नऊ दिवसांनीच लाखोंचे दावे गेले.

यावर आमचे मत स्पष्ट आहे. नावाच्या लिपीमुळे पडणारा फरक ही फसवणूक नव्हे. बापाचे नाव, जन्मतारीख आणि फोटो जुळत असतील तर अक्षराच्या फरकासाठी साधे लेखी निवेदन चालावे, असा हुकूम परिवहन खात्याने काढायला हवा. आणि तो निघेपर्यंत आमच्या लोकांनी गाडी पसंत करण्याच्या आधी घरातल्या सर्व कागदांवरचे नाव एक करून घ्यावे. गाडी नंतर, नाव आधी.

शोरूमच्या बाबतीतही कायदा काय म्हणतो ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी त्याच राज्यात नोंदवायची असेल तर नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे, आणि अशा नव्या गाडीवर नंबर लागल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हवाली करू नये असेही कायद्यात आहे. गाडी आर.टी.ओ. त नेऊन दाखवण्याचीही गरज उरलेली नाही. मग बिननंबराच्या गाड्या बाजारात येतात कशा? निम्मा दोष आपला. ईदच्या आदल्या दिवशी, साखरपुड्याच्या दिवशी गाडी दारात हवी म्हणून गिऱ्हाईकच अडून बसते. विक्रेता म्हणतो घेऊन जा, नंबर मागाहून. पासिंगचे, विम्याचे, "हँडलिंग"चे पैसे त्याने एकाच आकड्यात घेतलेले असतात. पावती मागितली तर गाडीची मिळते, बाकीची तोंडी. आमच्या ओळखीच्या एका साडी विक्रेत्याला असेच तीन महिने "आज होईल, उद्या होईल" यावर फिरवले. शेवटी कळले की कराची रक्कम भरलीच गेली नव्हती. त्याच्याकडे पावती नव्हती म्हणून तक्रार करायलाही तोंड नव्हते. कापडाच्या ताग्यात अर्धा मीटर कमी निघाला तर आपण व्यापाऱ्याच्या दुकानापुढे उभे राहतो, आणि येथे लाखाच्या व्यवहारात तोंडी शब्दावर घरी येतो.

स्वस्ताईची गंमत निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली तेव्हा दोन दिवस शोरूमवर झुंबड उडाली. हजारोंची सूट होती. ३१ मार्चपर्यंत विक्री झाल्याचा पुरावा ज्याच्याकडे होता त्याची नोंदणी झाली. २०२० मध्ये बीएस-४ च्या वेळी लॉकडाऊन मध्ये आला आणि प्रकरण लांबले. अखेर १३ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने दिल्ली परिसर सोडून बाकी देशात, ३१ मार्चपूर्वी विकलेल्या आणि ई-वाहन पोर्टलवर चढवलेल्या गाड्यांची नोंदणी करण्यास परवानगी दिली. साडेचार महिने लोकांच्या गाड्या विमा भरून, कर्जाचे हप्ते चालू असताना घरात उभ्या होत्या. आणि ज्यांची गाडी लॉकडाऊनमध्ये, ३१ मार्चनंतर विकलेली निघाली, त्यांना ही परवानगी लागू नव्हती. मुदतीच्या तोंडावर मिळणारी सूट कशाची असते हे कापडवाल्याला शिकवायला नको. सीझन संपताना आपणही तोच माल काढतो.

जुन्या गाडीचे दुखणे याहून मोठे आहे, कारण तेथे विमा एकाचा, नोंदणी दुसऱ्याची आणि गाडी तिसऱ्याकडे असते. मालेगावचे आणि सुरतचे नाते जुने आहे. तिकडे आपली माणसे कामाला आहेत, माल येतो-जातो, आणि येताना गुजरातच्या नंबरची मोटारसायकलही येते. स्वस्त पडते. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त येथे ठेवायची असेल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिकडच्या आर.टी.ओ. ची एन.ओ.सी. लागते, येथे कर भरावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी तो उतरवल्याचा कागद. हे सगळे टाळून माणूस कोऱ्या सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० पेटीत ठेवतो आणि समजतो की गाडी आपली झाली.

गाडी त्याची होत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आर.टी.ओ. च्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक, मध्ये गाडी चार जणांना विकली गेली असली तरी. अपघाताची भरपाई त्याच्यावरच आली. म्हणून विकणाऱ्यानेही "मी तर पैसे घेऊन मोकळा झालो" असे म्हणू नये. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत आर.टी.ओ. ला कळवण्याचे काम विकणाऱ्याचे आहे, आणि तीस दिवसांत नाव चढवण्यासाठी अर्ज करणे घेणाऱ्याचे. विम्यात नाव बदलून घेण्यासाठी चौदा दिवस आहेत. ई-चलनही जुन्याच मालकाच्या मोबाईलवर जाते, आणि मग दोन मित्रांत तंटा होतो. वडील वारल्यानंतर त्यांचीच गाडी वर्षानुवर्षे चालवणारी मुले आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांनीही फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी. तोपर्यंत १५ लाखांचा तो अपघात विमा त्यांच्या कामाचा नाही.

बॅटरीवरच्या स्कूटरबद्दल दोन शब्द. "पासिंग नको, लायसन्स नको" असे सांगून त्या विकल्या जातात. ही सूट फक्त ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या गाड्यांना आहे. वेग वाढवून घेतलेली स्कूटर ही कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची मोटारसायकलच.

आमच्या उर्दू शाळांतून शिकलेल्या पिढीला सरकारी कागदाची एक धास्ती असते. मराठीत लिहिलेला अर्ज पाहिला की माणूस सरळ एजंटकडे जातो. वास्तविक अर्ज, दाखला, नक्कल, मुदत, हुकूम, जामीन, वसुली, तक्रार हे सारे शब्द आपल्या ओळखीचेच आहेत. कचेरीची मराठी अर्धी तरी फारसी-अरबीवर उभी आहे. खरी अडचण आता इंग्रजीतल्या पॉलिसीची आहे, जिचे बारा पानांचे बारीक टाइप सुशिक्षित माणूसही वाचत नाही.

म्हणून विमा कंपन्यांना आमचे सांगणे आहे. बिननंबराच्या गाडीचा हप्ता तुम्ही घेता, तेव्हा ही तारीख उलटल्यावर गाडी चालवली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा मिळणार नाही, हे तुम्हाला त्याच दिवशी ठाऊक असते. ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत, गिऱ्हाइकाच्या भाषेत छापायला काय हरकत आहे? मुदत संपण्याआधी एक एसएमएस पाठवायला काय खर्च येतो? हप्त्याची आठवण द्यायला तर दहा फोन येतात. निकाल कंपन्यांच्या बाजूने आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असतील, पण पैसे घेताना गप्प बसायचे आणि देताना कलम दाखवायचे, याला बाजारात चांगला शब्द नाही.

गाडी घेणाऱ्याने निदान इतके करावे. बिल, विक्रीचा फॉर्म २१, कंपनीचा फॉर्म २२ आणि विम्याचा कागद समोर ठेवून इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावेत. एक आकडा चुकला तरी पुढे महिने जातात. कराची, नोंदणीची आणि विम्याची रक्कम वेगवेगळी लिहून घ्यावी. तात्पुरती नोंदणी असेल तर तिची शेवटची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी, आणि त्या तारखेपर्यंत नंबर आला नाही तर गाडी घरात उभी करावी, कितीही वसुली अडली तरी. नंबर आला की तो पॉलिसीत चढवून घ्यावा. हे काम शोरूम करील असे धरून चालू नये. आर.सी. चे कार्ड पोस्टाने यायला वेळ लागला तर घाबरण्याचे कारण नाही, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचा कागद कायद्याने चालतो.

आमच्या व्यापारी संघटनांनी रमजानपूर्वीच्या सीझनआधी दर जुम्याला नमाजनंतर दोन तास एक टेबल मांडावे, असे आम्ही सुचवले आहे. काँप्युटर जाणणारी दोन मुले, एक माहीतगार माणूस. नावाची दुरुस्ती, फॉर्म २९-३०, पॉलिसीत नंबर चढवणे, एवढीच कामे. सोबत गावातल्या शोरूमवाल्यांना एकत्र बोलावून प्रत्येक पावतीवर पासिंगची तारीख लिहून देण्याची मागणी करावी. जो लिहून देईल त्याच्याकडेच आपली गाडी घ्यायची, एवढा ठराव संघटनेच्या येत्या सभेत आम्ही मांडणार आहोत.